पाणी फिरण्याआधी

अंजनवेलच्या टाळकेश्वराजवळ, दीपगृहाच्या बाजूला उभे राहिले की वाशिष्ठीचे मुख नजरेच्या टप्प्यात येते. पलीकडच्या तीरावर दाभोळ, अलीकडे जांभ्याच्या सड्यावर गोपाळगडाची तटबंदी आणि मधून धावणारे पाणी. ओहोटीला जोर चढला की खाडीचे मातकट पाणी आणि समुद्राचे हिरवट पाणी जिथे भिडतात तिथे एक फेसाळ रेघ उमटते. काटक्या, सुकी पाने, थर्माकोलचे तुकडे, जाळ्यातून सुटलेले बोये असे सगळे त्या रेघेवर गोळा होत जाते. काही तासांनी भरती लागते, रेघ मोडते आणि खाडीच्या आतल्या अंगाला कुठेतरी पुन्हा जुळते.

किनाऱ्यावरच्या माणसाला हे रोजचेच आहे. होडी कधी लोटायची, जाळे कधी सोडायचे, परत कधी फिरायचे हे तो या पाण्याकडे पाहूनच ठरवतो. पण त्याच घटकेला, त्याच पाण्याखाली, खडकाच्या उभ्या कड्यावर काय चाललेले असते याबद्दल मराठीत फार कमी लिहिले गेले आहे. स्कूबा म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे निळेशार, संथ पाणी आणि प्रशिक्षकाचा हात धरून फोटो काढून घेणारा पर्यटक येतो. इथे ज्या डायव्हिंगची ओळख करून द्यायची आहे ते यापेक्षा बरेच वेगळे आहे. त्यात पाणी गढूळ असू शकते, गार असू शकते, आणि ते सतत कुठेतरी निघालेले असते. समोर खडकाची भिंत असते. त्या भिंतीवरचा प्रत्येक जीव या वाहत्या पाण्यावर पोसलेला असतो, आणि डायव्हरला मात्र हे पाणी जवळपास थांबलेले हवे असते. या दोन गरजांमध्ये जी थोडी मिनिटे मिळतात, त्यांचा हा विषय आहे.

या प्रकारची नावाजलेली ठिकाणे थंड समुद्रांत आहेत. नॉर्वेत बोडो शहराजवळ सॉल्टस्ट्राउमेन नावाची चिंचोळी सामुद्रधुनी आहे, सुमारे ३ किलोमीटर लांब आणि १५० मीटर रुंद. दर सहा तासांनी तिच्यातून जवळजवळ ४० कोटी घनमीटर पाणी आत तरी जाते किंवा बाहेर तरी. उधाणाच्या दिवशी वेग २० नॉट्सच्या घरात पोचतो, म्हणजे ताशी ३७ किलोमीटर. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या नाकवाक्टो इथे तो १४ नॉट्सच्या पुढे जातो. त्याच प्रांतातल्या सेमोर नॅरोज या अरुंद वाटेत पाण्याखाली एक दुहेरी शिखराचा खडक होता, रिपल रॉक. त्याच्यावर आणि त्याच्याभोवतीच्या भोवऱ्यांत शंभराहून अधिक जहाजांचे नुकसान झाले, तेव्हा ५ एप्रिल १९५८ रोजी समुद्रतळाखालून बोगदा खणून आणि सुरुंग भरून तो उडवण्यात आला.

आणि तरीही डायव्हर तिथे जातात, वाट पाहतात, पाणी थबकले की उतरतात. कारण या भिंतींवर इंचभर खडक उघडा सापडत नाही. पोर्ट हार्डीजवळच्या ब्राउनिंग वॉलवर मऊ प्रवाळ, पांढरी समुद्रफुले, पिवळे स्पंज, खेकडे, तारामासे असे एकाला खेटून एक बसलेले असतात. पाणी आठ-दहा अंशांचे, अंगात जाड ड्रायसूट, आणि समोर उष्ण कटिबंधातल्या कुठल्याही प्रवाळभित्तीला मागे टाकील असा रंग. हा रंग प्रवाहाने दिलेला आहे. खडकाला चिकटलेल्या जीवाला अन्नामागे धावता येत नाही, अन्नालाच त्याच्यापर्यंत यावे लागते. पाणी जितके जास्त वाहते तितके जास्त अन्न दारावरून जाते.

हे जवळून पाहायचे असेल तर सुरुवात बार्नॅकलपासून करावी. कोकणात ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकावर अनवाणी चाललेल्या प्रत्येकाला तो तळपायाने ठाऊक आहे. पाण्याखाली त्याचे झाकण उघडते आणि आतून केसाळ पायांचा जुडगा बाहेर येतो. पाणी संथ असेल तर हा जुडगा ठरावीक लयीत बाहेर-आत होत राहतो, पाण्यातले कण ओढून घेतो. वेग वाढला की बार्नॅकल ही मेहनत थांबवतो, पाय नुसते उघडे धरतो आणि वाहत्या पाण्यालाच काम करू देतो. प्रवाहाने दिशा बदलली तर तोही जुडगा फिरवून घेतो. वेग सोसवेनासा झाला की मात्र झाकण बंद. डायव्हरने नुसते या एका जीवाकडे लक्ष ठेवले तरी पाणी कुठून येते आहे, किती जोराने येते आहे आणि ते फिरायला लागले आहे का, हे समजते. समुद्रपंख्याचे तसेच आहे. तो प्रवाहाला आडवा वाढतो, म्हणजे त्याच्या पसरटपणाला काटकोनात जी दिशा असेल तीच त्या जागेच्या पाण्याची नेहमीची ये-जा. भिंतीवर एकाच दिशेने उभे असलेले समुद्रपंखे म्हणजे त्या जागेचा अनेक वर्षांचा हिशेब असतो.

प्रवाहाशी झुंजण्यात काही अर्थ का नसतो हे साध्या गणिताने कळते. एक नॉट म्हणजे सेकंदाला साधारण अर्धा मीटर. किनाऱ्यावर उभे राहून पाहिले तर हा वेग काहीच वाटत नाही. पण पाण्याचा वेग दुप्पट झाला की शरीरावरचा रेटा चौपट होतो आणि त्या रेट्याविरुद्ध एका जागी टिकून राहायला लागणारी ताकद आठपट. धडधाकट डायव्हरही एका नॉटपुढे फार वेळ तग धरू शकत नाही. त्यात खोलीचा हिशेब मिसळतो. दर दहा मीटरला एक वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणून वीस मीटरवर प्रत्येक श्वासाला पृष्ठभागापेक्षा तिप्पट हवा सिलिंडरमधून जाते. तिथे धाप लागली तर दाबमापकाचा काटा पाहता पाहता खाली येतो. म्हणूनच ज्यांनी हे डायव्हिंग वर्षानुवर्षे केले आहे ते पोहण्यापेक्षा वाट पाहण्याला आणि वाहत जाण्याला महत्त्व देतात. एका जागी उतरायचे, भिंतीला समांतर वाहत जायचे, आणि होडीने पाण्यावरचा रंगीत बोया पाहत मागोमाग यायचे. होडी नांगरून ठेवली आणि डायव्हर वाहून गेला तर नांगर उचलेपर्यंतच्या मिनिटांत तो कुठच्या कुठे गेलेला असतो.

भिंतीचे स्वतःचे असे काही धोके असतात. खडकाला अगदी लगटून पाणी मंद असते, पुढे आलेल्या सुळक्यामागे आडोसा मिळतो, तिथे दम घेता येतो. पण प्रवाह भिंतीवर समोरून आदळला की त्याला वर किंवा खाली वळावेच लागते. खाली वळलेल्या पाण्यात सापडलेल्या डायव्हरला पहिली खूण त्याचेच बुडबुडे देतात. ते वर जाण्याऐवजी बाजूला पसरतात किंवा खाली ओढले जातात. त्या क्षणी सरळ वर येण्याचा आटापिटा करण्यापेक्षा खडक धरून स्थिर होणे किंवा भिंतीपासून आडवे दूर निघून जाणे शहाणपणाचे, कारण असा उतरता पट्टा बहुधा अरुंद असतो. हे पुस्तकात वाचून येत नाही, ते अनुभवी प्रशिक्षकाबरोबर, सौम्य पाण्यात, पुन्हा पुन्हा करून अंगवळणी पाडावे लागते.

आता पुन्हा कोकणात. नकाशावर अंजनवेल उष्ण कटिबंधात येते, नॉर्वे किंवा कॅनडाशी त्याचा संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध खडकाचा आहे आणि पाण्याचाही. हा किनारा दख्खनच्या बसाल्टचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आणि वर जांभ्याची टोपी. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, साधारण २० हजार वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती. वाशिष्ठी तेव्हा आजच्या मुखापासून कितीतरी पश्चिमेला जाऊन समुद्राला मिळत असणार. पुढे पाणी चढले, नद्यांची खोरी बुडाली, त्यांच्याच खाड्या झाल्या. किनाऱ्यावर आज दिसणारे कडे पाण्याच्या रेषेशी संपतात असे वाटते, पण पुष्कळ ठिकाणी तोच खडक खाली उतरत जातो. मच्छीमार ज्या खडपांवर हेकरू, तांबोशी आणि शेवंड यांच्यासाठी जातात, ती या बुडालेल्या भूमीची टोके आहेत.

दुसरी गोष्ट उजेडाची. नद्यांचा गाळ आणि लाटांनी ढवळलेला तळ यांमुळे कोकणकाठचे पाणी बहुतेक वेळा गढूळ असते. प्रवाळाच्या ऊतींत राहणाऱ्या शैवालाला ऊन लागते, ते इथे तोकडे पडते. म्हणून उथळ, निवाऱ्याच्या जागा सोडल्या तर आपल्या खडकांवर गाळून खाणाऱ्यांचे राज्य असते: स्पंज, समुद्रपंखे, कालवे, बार्नॅकल. वस्तीचा हा प्रकार थंड समुद्रातल्या भिंतींच्या जातकुळीचा आहे. थंडीही इथे पूर्ण परकी नाही. पावसाळ्याच्या उत्तरार्धात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर खोलातले गार आणि प्राणवायू कमी असलेले पाणी उथळ भागाकडे सरकते. गोव्याच्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयओने, गोव्यासमोरच्या समुद्रात ते वर्षानुवर्षे मोजले आहे. वर श्रावणसरी पडत असताना खाली खडकावरच्या जीवांचा सर्वांत कठीण काळ चाललेला असतो, आणि नेमका तेव्हाच तिथे कुणी पाहायला जाऊ शकत नाही.

अंजनवेलपुढच्या पाण्याला आणखी एक गुंतागुंत आहे, आणि ती थेट सह्याद्री ओलांडून येते. कोयना धरणाचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीच्या वीजगृहात उतरते, वीज तयार होते, आणि वापरलेले पाणी वाशिष्ठीत सोडले जाते. हे १९६० च्या दशकापासून चालू आहे. पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याची मर्यादा वर्षाला ६७.५ टीएमसी. वर्षभराची सरासरी काढली तर सेकंदाला साधारण ६० घनमीटर. कोकणातल्या बाकीच्या नद्या चैत्र-वैशाखात डबक्यांवर येतात तेव्हाही वाशिष्ठी वाहती असते. चिपळूणच्या बागायतीला आणि कारखान्यांना याचा लाभ झाला, पण मुखाशी त्याचा अर्थ असा की गोड्या आणि खाऱ्या पाण्याची रस्सीखेच तिथे उन्हाळ्यातही संपत नाही.

गोडे पाणी हलके असल्याने वर राहते, खारे जड म्हणून तळाने सरकते. भरती नुकतीच लागत असताना वरचे पाणी अजून समुद्राकडे निघालेले असते आणि खालचे आत शिरू लागलेले असते. होडीतून पाहणाऱ्याला एकच दिशा दिसते, खाली उतरलेल्याला दोन लागतात. दोन्ही थर जिथे एकमेकांना घासतात तिथे, सरबतात साखर विरघळताना दिसते तशी, सगळे काही पाझरल्यासारखे, थरथरते दिसते. हाताची बोटे धूसर होतात, दाबमापकाचे आकडे वाचता येत नाहीत. हातभर खाली गेले की एकदम नितळ. जगभर खाड्यांच्या मुखाशी डायव्हरांना हा थर भेटतो, आणि पहिल्यांदा तो भेटतो तेव्हा मास्कवर बाष्प धरले असे वाटून माणूस उगाच मास्क धूत राहतो.

भरती-ओहोटीचे गणित कोकणात लहान पोरांनाही येते. चालू तिथीला पाऊणने गुणायचे, जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. चंद्र रोज साधारण ५० मिनिटे उशिरा येतो, त्याच्या मागे पाणी येते, आणि एका भरतीपासून दुसरीपर्यंत १२ तास २५ मिनिटे जातात. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढेमागे उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. मुंबईला उधाणाची भरती पाच मीटरपर्यंत जाते, दक्षिणेकडे येताना ती कमी होत जाते, गोव्यात अडीच मीटरही पुरेसे होतात. रत्नागिरीचा किनारा या दोहोंच्या मध्ये. पाणी चढते कमी म्हणून प्रवाह कमी असे मात्र नाही. मोठी खाडी चिंचोळ्या मुखातून भरायची-रिकामी व्हायची असेल तर दोन मीटरही भरपूर झाले.

डायव्हरने हे पाऊणकीचे गणित घेऊन बसावे, म्हणजे अंजनवेलसारख्या मुखाची खरी अडचण समोर येते. प्रवाह सर्वांत सौम्य भांगाला. पण अष्टमीला भरती पहाटे आणि सांजावताना सहाच्या सुमारास, आणि दुपारी बाराला ओहोटीचा तळ. म्हणजे ऊन डोक्यावर असताना मुखाशी खाडीचे सगळे गढूळ पाणी जमलेले. उलट पौर्णिमेला दुपारी बाराच्या आतबाहेर पूर्ण भरती, समुद्राचे त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी आत आलेले, वरून भरपूर उजेड, पण हे उधाण आहे. पाणी थबकते ते जेमतेम काही मिनिटे आणि मग खाडीभर साठलेले सगळे समुद्राकडे निघते. उजेड, स्वच्छता आणि सौम्यपणा या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी मिळत नाहीत. मधला मार्ग चतुर्थी-पंचमीला सापडू शकतो, जेव्हा उधाण ओसरत असते आणि भरती दुपारी तीन-चारला पुरी होते, किंवा द्वादशीला, सकाळी नऊच्या सुमारास. त्यातही पाण्यात उतरायचे ते भरती संपण्याआधी, चढत्या पाण्याच्या शेपटाला, आणि बाहेर यायचे ते पाणी फिरण्याआधी. कारण भरतीनंतरची ओहोटी चुकलेल्या माणसाला अरबी समुद्राकडे नेते.

या ढोबळ हिशेबावर जीव टाकू नये हेही इथेच सांगायला हवे. भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके आणि हैदराबादच्या इनकॉइस संस्थेचे लाटा-प्रवाहांचे अंदाज उपलब्ध आहेत, ते पाहिलेच पाहिजेत. पण कोष्टक पाण्याची उंची सांगते, वेग सांगत नाही. उंची वाढायची थांबल्यावरही मुखातले पाणी काही काळ आत जातच राहू शकते. वरून नदीचे पाणी सुटलेले असेल तर ओहोटी लांबते. कुठल्या खडकामागे पाणी आधी फिरते आणि कुठल्या बाजूला उशिरा, हे त्या जागेच्या तांडेलाला विचारावे लागते. त्याची कोष्टके कुठे छापलेली नाहीत.

हे ज्ञान या मुखावर फार जुने आहे. दाभोळ हे मध्ययुगातले पश्चिम किनाऱ्यावरचे बडे बंदर, अरबस्तानाशी आणि इराणशी व्यापार करणारे. डिसेंबर १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रांसिस्को द अल्मेदा याने ते जाळले. अठराव्या शतकात तुळाजी आंग्र्यांनी अंजनवेलचा किल्ला सिद्दीकडून घेतला आणि त्याला गोपाळगड हे नाव दिले. शिडाच्या जहाजाला खाडीत शिरायचे तर वारा आणि भरती दोन्ही जुळावी लागत, आणि गडाला आपला पाहुणा कुठल्या वेळी येऊ शकतो हे ठाऊक असे. आजच्या काळातही फार बदललेले नाही. अंजनवेलच्या किनाऱ्यावर २०१३ मध्ये सुरू झालेल्या नैसर्गिक वायूच्या टर्मिनलला लाटरोधक बांध पुरा नसल्याने वर्षानुवर्षे पावसाळ्यात जहाजे लावता येत नव्हती.

महाराष्ट्रात प्रत्यक्ष डायव्हिंग रुजले ते दक्षिणेला, मालवणात. तिथले सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी जाहीर झाले, २९.१२ चौरस किलोमीटरचे. १६६४ साली ज्याची पायाभरणी झाली त्या सिंधुदुर्गाच्या भोवतालच्या खडकांवर प्रवाळ आहे, आणि किल्ल्याच्या आडोशाने लाटा थोड्या मऊ होतात. यूएनडीपी-जीईएफच्या सिंधुदुर्ग प्रकल्पातून स्थानिक तरुणांना स्नॉर्केलिंग आणि स्कूबाचे शिक्षण मिळाले, तारकर्लीला एमटीडीसीची प्रशिक्षण संस्था उभी राहिली. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचे नाव या संस्थेशी आणि आंग्रिया बँकेच्या अभ्यासाशी जोडलेले आहे. मच्छीमारांची मुले प्रशिक्षक झाली ही मालवणातली सर्वांत मोलाची घडामोड, कारण पाणी ओळखणारा माणूस आणि यंत्र ओळखणारा माणूस तिथे प्रथमच एक झाला.

कान्होजी आंग्र्यांचे नाव धारण करणारी आंग्रिया बँक विजयदुर्गापासून पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर आहे, समुद्रात बुडालेले एक पठार. माथा वीस-पंचवीस मीटरवर, कडा त्याहून कितीतरी खोल. किनाऱ्याचा गाळ तिथपर्यंत पोचत नाही, त्यामुळे पाणी नितळ आणि प्रवाळ जोमदार. डिसेंबर २०१९ ते जानेवारी २०२० मध्ये शास्त्रज्ञांची एक मोहीम तिथे जाऊन आली. मराठी समुद्रात नितळ पाण्यातला, प्रवाहाने धुतलेला खडक शोधायचा तर तो इथे आहे. पण तिथे आडोसा नाही, जवळ बंदर नाही, आणि दमलेल्या माणसाला धरायला किनारा नाही. हौशी माणसाने तिथून सुरुवात करू नये.

गढूळ आणि हलत्या पाण्यात चिकाटीने काम केले तर काय हाती लागते, याचे उत्तम उदाहरण गोव्यात आहे. मुरगाव बंदराबाहेरच्या सुंची रीफवर एनआयओच्या सागरी पुरातत्त्वज्ञांना सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले. जागा जेमतेम तीन ते सहा मीटर खोल, म्हणजे सोपी वाटावी अशी. पण उथळ खडकावर लाटेचा हेलकावा तळापर्यंत पोचतो, काम करणारा माणूस दोन्ही बाजूंना झोकला जातो, आणि हंगाम फार थोडे महिने. त्यातून त्यांनी तोफा, चिनी भांड्यांचे तुकडे, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात वर आणले. जवळच्याच सेंट जॉर्ज रीफवर मातीच्या कौलांचा आणि विटांचा माल वाहणारे जहाज सापडले, त्यातल्या एका तुकड्यावर बासेल मिशनच्या कौल कारखान्याचे नाव आणि १८६५ हे साल होते. विजयदुर्गाजवळच्या पाण्याखालच्या भिंतीच्या कहाण्या कोकणात घरोघरी सांगितल्या जातात. पण कहाण्यांवर न थांबता सुंची रीफवरच्या कामासारखे शिस्तीचे, मोजून-मापून केलेले काम दाभोळच्या मुखाशी झाले तर पाचशे वर्षांच्या बंदराचे कितीतरी पुरावे हाती लागू शकतील.

आज दाभोळ खाडीचे दुखणे वेगळेच आहे. लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांचे सांडपाणी खाडीत उतरते आणि मासे मरतात, ही तक्रार काठावरचे मच्छीमार कित्येक वर्षे करत आहेत. पाण्यावर तरंगणारा मेलेला मासा दिसतो, त्याचा पंचनामा होतो. खडकाला चिकटलेला स्पंज किंवा कालव मेला तर तो तरंगत नाही, कुणाला दिसतही नाही. त्याला पळूनही जाता येत नाही. प्रवाह जे आणील ते गाळून घेणे हेच त्याचे जगणे, मग ते अन्न असो की विष. म्हणून या भिंतींवर नेमाने उतरणारी, त्याच त्याच चौकटीचे दरवर्षी फोटो घेणारी माणसे हवीत, असे ठामपणे म्हणावेसे वाटते. पर्यटनाला पैसा मिळतो आणि मिळत राहील. निवती खडकांजवळ आयएनएस गुलदार ही निवृत्त युद्धनौका बुडवून तिचे पाण्याखालचे संग्रहालय करण्याची योजनाही आखली गेली. पण जिवंत, जुन्या, नैसर्गिक खडकाची साधी नोंदवही ठेवायला त्याच्या कितीतरी कमी खर्च येईल.

अंजनवेलच्या दक्षिणेला लागूनच गुहागरची पुळण आहे, ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीची. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथून उपग्रह ट्रान्समीटर लावून सोडलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. आणि जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या परावर जो धातूचा बिल्ला होता, तो २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेला निघाला. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे वेगवेगळी, हा समज एका बिल्ल्याने हलला. असे घडले, कारण चार वर्षांपूर्वी कुणीतरी तो बिल्ला नीट लावला होता आणि गुहागरला पहाटे पुळणीवर फिरणाऱ्याने तो नीट वाचला.

पाण्याखालच्या भिंतीकडे याच नजरेने जायचे आहे. अंजनवेलच्या मुखात उद्याच उड्या घ्या, असे इथे कुणी सुचवत नाही. जहाजांची वाट, गढूळपणा आणि ओहोटीचा ओढा पाहता ती जागा नवशिक्यांची नाही, अनुभवी माणसानेही बंदर खात्याला विचारल्याशिवाय तिथे उतरू नये. पण पाणी वाचायला शिकण्यासाठी टाळकेश्वराच्या टोकासारखी शाळा क्वचित मिळेल. पौर्णिमेला आणि अष्टमीला, एकदा भरतीच्या शेवटी आणि एकदा ओहोटीच्या मध्यावर, घड्याळ लावून तिथे बसावे. फेसाची रेघ कुठे तुटते, बोया कुठल्या बाजूला कलतो, कुबडे डॉल्फिन मुखाशी कधी येतात, होड्या कुठली बाजू धरून आत शिरतात हे लिहून ठेवावे. त्यानंतर तारकर्लीला रीतसर शिक्षण घ्यावे, नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत, आणि पहिले काही डाइव्ह निवाऱ्याच्या पाण्यातच करावेत. २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात महाराष्ट्रात जलक्रीडा बंद असतात, तेव्हा कोष्टकांचा आणि नकाशांचा अभ्यास करता येतो.

पुढच्या पानांची मांडणी याच क्रमाने आहे. आधी चंद्र, तिथी आणि खाडीचे पाणी, मग खडक आणि त्यावरचे जीव, मग सिलिंडर, रेग्युलेटर, बोया आणि रीळ. डाइव्हची आखणी कशी करावी हे प्रकरण सर्वांत लांब आहे, आणि त्यातला पहिला सल्ला होडी ठरवण्याबद्दल आहे: यंत्र कुठले यापेक्षा तांडेल कोण हे आधी विचारावे, आणि तो आज नको म्हणाला तर त्याच्याशी वाद न घालता भाडे देऊन परत फिरावे.